'ठक', 'ठग' आणि कलम ३१०

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. या स्थित्यंतराची चर्चा राजद्रोह, दयायाचना, अटकेचे अधिकार अशा विषयांभोवती झाली, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु जुन्या संहितेबरोबर एक शब्द कायद्याच्या भाषेतून निघून गेला, त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. हा शब्द म्हणजे 'ठग'. १८६० च्या संहितेतील कलम ३१० मध्ये या शब्दाची व्याख्या होती आणि कलम ३११ मध्ये त्याची शिक्षा. नव्या संहितेत या दोन्ही कलमांना प्रतिरूप नाही. योगायोग असा की, नव्या संहितेत ३१० हाच क्रमांक दरोड्याच्या वाट्याला आला आहे.

या कलमाचा आशय थोडक्यात असा होता : खून करून किंवा खुनासह जबरी चोरी करण्यासाठी अथवा मुले पळविण्यासाठी जो कोणी, हा कायदा झाल्यानंतर केव्हाही, दुसऱ्या कोणाशी सराईतपणे संबंधित राहिलेला असेल, तो ठग होय. वरवर पाहता ही व्याख्या इतर व्याख्यांसारखीच दिसते; पण तिचे क्रियापद पाहिले की फरक जाणवतो. चोरीची व्याख्या करताना संहिता म्हणते, अमुक करणारा 'चोरी करतो असे म्हटले जाते'. दरोड्याबाबत तेच, फसवणुकीबाबत तेच. कृत्य सांगायचे, त्या कृत्याला नाव द्यायचे आणि कर्त्याला निनावी 'जो कोणी' म्हणून सोडून द्यायचे, ही त्या संहितेची सर्वसाधारण वाक्यरचना आहे. कलम ३१० मध्ये मात्र 'ठगी करतो' असे म्हटलेले नाही. 'ठग आहे' असे म्हटले आहे. वाक्याचा पूर्वार्ध भूतकाळात आहे, उत्तरार्ध वर्तमानकाळात. संबंध राहिलेला असेल, म्हणून तो आहे. येथे गुन्हा हे कृत्य न उरता माणसाचे असणे झाले आहे. फौजदारी कायद्याच्या भाषेत हा अपवादच म्हणावा लागेल. साहित्याच्या भाषेत तो अपवाद नाही. माणसाच्या साऱ्या कृतींना एका स्वभावनामात बांधणे हे व्यक्तिचित्रणाचे नेहमीचे काम आहे. कायद्याला ही वाक्यरचना कोठून मिळाली, आणि ज्या भाषेतून त्याने हा शब्द उचलला त्या भाषांपैकी एक असलेल्या मराठीने तिचे काय केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी सागर किंवा जबलपूर येथील कचेऱ्यांपेक्षा मराठवाड्यातील हिंगोली हे ठिकाण अधिक उपयोगी पडते. का, ते पुढे येईल.

मराठीत मूळ रुळलेला शब्द 'ठक'. संस्कृत कोशांत 'स्थग' हा शब्द धूर्त, कपटी या अर्थी मिळतो आणि त्याच्याशी झाकणे, लपविणे या अर्थाच्या धातूचा संबंध सांगितला जातो. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य आहे असे नाही, पण अर्थाच्या दृष्टीने ती मराठी वापराशी जुळते. ठक झाकतो, तो मारतो असा भाव मराठी शब्दात नाही. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे ठगांविषयीचा गवगवा साऱ्या इंग्रजी जगात होऊन वीस वर्षे लोटल्यानंतरची. तरीही तेथे 'ठक' म्हणजे लबाड, फसविणारा असाच अर्थ नोंदलेला आहे. ठकबाजी, ठकपणा, ठकसेन, महाठक या साऱ्या परिवारात रक्ताचा डाग कोठे नाही. 'ठकास महाठक' या म्हणीत तर एक प्रकारचे समाधानच आहे : फसविणाऱ्यालाही फसविणारा भेटतो आणि हिशेब पुरा होतो.

याहून महत्त्वाचे आहे ते क्रियापद. मराठीत 'ठकणे' हे अकर्मक क्रियापद आहे आणि त्याचा कर्ता फसविणारा नसून फसलेला असतो. 'तो ठकला' म्हणजे तो फसला. फसविणाऱ्याला वाक्यात आणायचे तर प्रयोजक रूप करावे लागते : ठकविणे. म्हणजे मराठीच्या दृष्टीने मूळ घटना ही ठकलेल्याच्या बाजूची आहे. ठकविणारा नंतर, प्रत्यय लावून येतो. ज्याचा विश्वास गेला त्याच्या अनुभवावर हे शब्दकुल उभे आहे. इंग्रजी कायद्याने हा शब्द घेतला तेव्हा हा ठकलेला माणूस त्यातून नाहीसा झाला आणि केवळ नाम उरले.

रस्त्यावर लुटणे, मारणे यांसाठी मराठीत वेगळे शब्द होते आणि ते बहुतेक कृत्याची नावे आहेत : वाटमारी, वाट पाडणे, दरवडा, घाला. वाटपाड्या हा वाट पाडतो तोवर वाटपाड्या. गळ्यात फास टाकून मारणाऱ्यांसाठी दक्षिणेत 'फांसीगर' हा शब्द चालत असे. मद्रासच्या रिचर्ड शेरवुडने १८१६ साली त्यांच्याविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात हाच शब्द वापरला आहे. तोही साधनावरून पडलेला शब्द. ही शब्दसंपत्ती पाहिली म्हणजे ध्यानात येते की, उत्तरेकडील 'ठग' हा शब्द सबंध देशासाठी एकमेव कायदेशीर संज्ञा म्हणून निवडला गेला, ही भाषिक अपरिहार्यता नव्हती. कंपनी सरकारच्या कचेऱ्यांनी केलेली ती निवड होती.

'गुन्हा' या सर्वव्यापी शब्दाचाही इतिहास येथे ओझरता पाहण्यासारखा आहे. फारसीत 'गुनाह' म्हणजे पाप. मराठी राज्याच्या हिशेबी कागदांत मात्र 'गुन्हेगारी' म्हणजे दंडापोटी सरकारात जमा झालेली रक्कम. गुन्हेगारी ही भरायची, वसूल करायची, माफ करायची वस्तू होती. भरली की प्रकरण मिटले. आज आपण ज्या अर्थाने 'गुन्हेगारी वाढली' म्हणतो, म्हणजे समाजात वसत असलेली एक प्रवृत्ती, तो अर्थ इंग्रजी अमलानंतर रुळला. पाप, मग रक्कम, मग प्रवृत्ती : या अर्थांतराच्या तिसऱ्या टप्प्यावर 'ठग' या संज्ञेची घडण झाली आहे.

आता हिंगोलीकडे वळता येईल. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. एकोणिसाव्या शतकात हा निजामी मुलूख होता आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेची छावणी कयाधूकाठच्या हिंगोलीत होती. हैदराबाद-नांदेडकडून वऱ्हाडात जाणाऱ्या वाटा या भागातून जातात. छावणी म्हणजे पगार, पगार म्हणजे बाजार, आणि बाजार म्हणजे दूरदूरचे व्यापारी. फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) याची निजामाच्या नोकरीत उमेदवारीची वर्षे गेली. १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या त्याच्या कादंबरीला त्याने एक प्रस्तावना जोडली आहे. त्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरिसिंग नावाच्या माणसाची हकीकत येते. कादंबरीतील अमीर अलीपुढे तिच्याकडे अभ्यासकांचे सहसा दुर्लक्ष झाले आहे. वास्तविक या संज्ञेचे सारे कोडे त्या परिच्छेदात आहे.

हरिसिंग हा हिंगोलीतील प्रतिष्ठित व्यापारी. छावणीतील अनेकांचा त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता आणि त्या अनेकांत आपण स्वतःही होतो, असे टेलर सांगतो. मुंबईहून कापड येत आहे, ते आणण्यासाठी परवाना हवा, असा अर्ज हरिसिंगाने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे केला. परवाना मिळाला. कापड खरोखरच येत होते, पण ते हिंगोलीजवळच्या एका गावच्या व्यापाऱ्याचे होते आणि तो व्यापारी मालाबरोबर होता. हरिसिंगाने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या माणसांना, बैल हाकणाऱ्यांना वाटेत मारले, मिळालेल्या परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने ही गोष्ट आपण होऊन, मोठा विनोद म्हणून सांगितली. एरवी ती कधीच उजेडात आली नसती. खुद्द छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, माणसे मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली होती. त्यातील काही खड्डे उकरले जात असता टेलर हजर होता.

रेनॉल्ड्स हा तोच अधिकारी, ज्याच्याकडे पुढे दख्खनमधील ठगीविरोधी मोहिमेचे काम आले. म्हणजे ठगाला ओळखण्याचे काम ज्याने करायचे त्याच्याच सहीने हा माल छावणीत आला होता. टेलर हे लिहितो तेव्हा त्याच्या निवेदनात एक विचित्र अवघडलेपण आहे. तो साक्षीदार आहे, न्याय करणाऱ्या यंत्रणेचा घटक आहे आणि तो गिऱ्हाईकही आहे. मराठीत सांगायचे तर तो ठकला आहे. आणि हरिसिंग हा मराठी अर्थाने पुरेपूर ठक आहे : तो झाकतो, विश्वासाचे कागद मिळवितो, प्रतिष्ठेचा पोशाख करतो. त्याने केलेला खून हा कृत्याचा भाग झाला. त्याचे ठकपण मात्र परवान्यात आहे. ज्या माणसांना या अनुभवाचे वर्णन करायचे होते त्यांना 'ठक' हा शब्द नेमका सापडला होता. पण कायदा करताना त्यांनी त्यातील फसणूक वगळली आणि खून ठेवला. १८६० च्या व्याख्येत फसविण्याचा उल्लेखही नाही, हे लक्षणीय आहे. ज्या शब्दाचा अर्थच फसविणारा, त्याच्या कायदेशीर व्याख्येत फसवणूक नाही!

असे का झाले याचे उत्तर १८३६ च्या तिसाव्या कायद्यात मिळते. ठगांच्या कोणत्याही टोळीत, कायद्यापूर्वी वा नंतर, कंपनीच्या मुलखात वा बाहेर, सामील होता असे ज्याच्याविषयी सिद्ध होईल त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप, अशी तरतूद या कायद्याने केली. 'मुलखाबाहेर' या एका शब्दाने हिंगोलीसारखे निजामी गाव कंपनीच्या कायद्याच्या कक्षेत आले. अशा खटल्यांत मुस्लिम विधितज्ज्ञाचा फतवा घेण्याची तोवरची प्रथाही या कायद्याने बंद केली. मात्र 'ठग' म्हणजे कोण हे कायद्याने सांगितले नाही. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने, शिक्षा झालेल्या माणसाचीही साक्ष ग्राह्य ठरली. राधिका सिंघा यांनी १९९३ मधील आपल्या निबंधात दाखविले आहे ते असे की, विशिष्ट खुनाचा विशिष्ट पुरावा मिळत नसल्यामुळे टोळीशी असलेला संबंध हाच गुन्हा ठरवावा लागला, आणि तो संबंध सिद्ध करणारे साधन म्हणजे माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या. मारला गेलेला वाटसरू परक्या मुलखातला, त्याला शोधणारे कोणी जवळ नाही, प्रेत पुरलेले, माल विकलेला. मग उरतो तो फक्त सांगणारा.

'माफीचा साक्षीदार' हा मराठी शब्दप्रयोग मुद्दाम पाहावा. ज्याला माफी मिळते ती त्याने सांगितलेल्या गोष्टीच्या मोबदल्यात. गोष्ट जितकी पुरी, तितकी माफी पक्की. अशा निवेदकाला आपल्या वाटेचे, टोळीचे, नात्यांचे, पिढ्यांचे सुसंगत चित्र उभे करावे लागते. तुटक, योगायोगाने घडलेल्या खुनाला येथे किंमत नाही. ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच १८३६ साली विल्यम स्लीमनचा 'रामसीआना' हा ठगांच्या सांकेतिक भाषेचा कोश कलकत्त्यात प्रसिद्ध झाला, हेही अर्थपूर्ण आहे. कायद्याने जी व्याख्या दिली नाही ती कोशाने पुरविली : ज्यांना स्वतंत्र भाषा आहे त्या लोकांचा स्वतंत्र समाज असणारच, असा त्यामागचा तर्क. (या भाषेचे 'रामसी' हे नाव वाचून मराठी वाचकाला रामोशी आठवतील, परंतु नावातील साम्यावरून काही अनुमान काढण्यास आधार नाही.) या कोशातील काही शब्द विलक्षण आहेत. गळा आवळणारा तो भुरतोट, खड्डा खणणारा तो लुघा, गोड बोलून वाटसरूला जाळ्यात आणणारा तो सोठा. आणि ज्याला मारायचे तो प्रवासी म्हणजे 'बनिज', म्हणजे व्यापाराचा माल. हरिसिंगाने कापडाचा व्यापारी मारला आणि त्याचे कापड विकले. कोशातील रूपक येथे हिशेबाच्या वहीतील नोंद होऊन बसते. या शब्दांपैकी बरेचसे हिंदी-मराठी बोलींच्या जवळचे आहेत. दलाल, सराफ, गुरे विकणारे यांच्याही सांकेतिक बोली या देशात सर्रास आहेत; त्यांवरून त्यांना कोणी जन्मजात वेगळा वंश ठरविलेले नाही.

टेलरच्या कादंबरीचे रूप याच जबानीतून आले आहे. अमीर अली सांगतो, साहेब ऐकतो. साहेब मधूनमधून एखादा प्रश्न विचारतो, एखादा उद्गार काढतो, पण निवेदनाची सूत्रे ठगाच्या हाती आहेत. १८३२ साली सागरहून निजामी मुलखात पाठविलेल्या माफीच्या साक्षीदारांपैकी एकाशी आपली ओळख झाली, सातशे एकोणीस खुनांत आपला प्रत्यक्ष हात होता असे त्याने सांगितले आणि या कथेत खरे तेच बहुतांश आहे, असे टेलर म्हणतो. कादंबरी मोठी रंजक आहे आणि तिचे खरे बळ अमीर अलीच्या आवाजात आहे : दरबारी, ऐटबाज, प्रेमळ, आणि पश्चात्तापापासून संपूर्ण मुक्त. शीर्षकातील 'कन्फेशन' या इंग्रजी शब्दाला धर्मगुरूपुढील पापनिवेदन आणि पोलिसांपुढील कबुली असे दोन अर्थ आहेत. कादंबरीत पहिला अर्थ मुळीच नाही, हेच तिचे वैशिष्ट्य. मराठीत या दुसऱ्या अर्थाला 'कबुलीजबाब' हा नेमका शब्द आहे; त्यातील 'जबाब' कोणी तरी प्रश्न विचारीत असल्याची आठवण ठेवतो. इंग्रजी शीर्षकाने ती आठवण पुसली, म्हणून ही कथा विचारणाऱ्याची नसून सांगणाऱ्याची वाटते.

ठगी हे साम्राज्यवादी कल्पनेचे अपत्य होते काय, हा प्रश्न १९५९ मधील हिरालाल गुप्तांच्या लेखापासून चर्चेत आहे. स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९६९ साली माळव्यातील लूटमारीचा संबंध तेथील राज्यसत्तेच्या घडामोडींशी जोडला. किम वॅग्नर यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात दोन्ही टोके सोडून, गळा आवळून लुटण्याची पद्धत खरी, पण कालीपूजक वंशपरंपरागत पंथाचे चित्र अतिरंजित, अशी भूमिका घेतली. गेल्या काही दशकांत वसाहतवादी संहितांच्या वाचनाची जी लाट आली तिच्यात हे सारे शब्दांचेच खेळ होते असे सुचविण्याकडे कल दिसतो. हिंगोलीच्या छावणीजवळचे खड्डे त्याला आडवे येतात. त्यांत हाडे होती. कापडाचा व्यापारी घरी परतला नव्हता, बैल हाकणारेही परतले नव्हते. त्यांची नावे ना टेलरने दिली ना कोणत्या कोशाने. त्यांना मारणारे होते, हे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारता येतो : मारणाऱ्यांना 'खुनी' न म्हणता 'ठग' म्हटल्याने काय साधले? साधले ते हे की, एका खुनाचा पुरावा नसताना माणसाच्या साऱ्या आयुष्याला शिक्षा देता आली, आणि त्या आयुष्याचा वृत्तान्त त्याच्या जोडीदाराच्या तोंडून मिळविता आला. कादंबरी आणि कायदा यांचे हे सहोदरत्व आहे. दोघांनाही घटनेपेक्षा पात्र अधिक हवे होते.

याच भूमीत एक दुसरी कबुली पाच शतकांपूर्वीपासून सांगितली जात होती. हिंगोलीपासून जवळ असलेले नर्सी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते. नर्सी बामणी नेमकी कोणती यावर वाद झाला आहे, पण या जिल्ह्यातील नर्सी 'नर्सी नामदेव' म्हणूनच ओळखली जाते. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे स्थानही याच जिल्ह्यातले, आणि नामदेव-विसोबा खेचर यांच्या भेटीची कथा तेथेच घडते. नामदेवांविषयीच्या कथापरंपरेत एक अस्वस्थ करणारी कथा आहे. ती अशी की, ते आधी वाटमारी करीत असत, त्यांनी चौऱ्याऐंशी स्वार मारले आणि मग औंढ्याच्या देवळात एका भुकेल्या पोराचे रडणे ऐकून त्यांनी त्याच्या आईला कारण विचारले. पोराचा बाप त्या स्वारांतलाच होता. नामदेवांच्या नावावर मिळणाऱ्या एका आत्मनिवेदनपर अभंगाच्या आधारे ही कथा सांगितली जाते. बहुसंख्य अभ्यासकांनी तो अभंग अस्सल मानलेला नाही. नामा या नावाचे अनेक कवी होऊन गेले, त्यांतील दुसऱ्या कोणाचा तो असावा असे म्हटले गेले आहे. चरित्राच्या दृष्टीने ही शंका रास्त आहे. पण वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. भक्तीच्या परंपरेला आपल्या एका श्रेष्ठ कवीच्या पूर्वायुष्यात वाटमारी घालावीशी वाटली, किंवा घातलेली सहन झाली, ती का?

या कथेची रचना अमीर अलीच्या जबानीशी ताडून पाहावी. येथेही हत्या आहे, संख्या आहे, आत्मनिवेदन आहे. परंतु येथे प्रश्न विचारणारा साहेब नाही. येथे मारणाराच विचारतो आणि उत्तर मारल्या गेलेल्याच्या बायकोकडून येते. हिंगोलीच्या खड्ड्यांतील माणसांच्या घरी जे कोणी विचारले नाही ते औंढ्याच्या देवळात विचारले गेले आहे. ठकणे या क्रियापदाने ज्याला कर्तेपण दिले होते त्या हानी सोसणाऱ्याला या कथेने बोलते केले. वाल्या कोळ्याच्या कथेतही कलाटणी प्रश्नानेच मिळते : घरचे लोक पापात वाटेकरी होतील का, हे विचारायला त्याला घरी पाठविले जाते. दोन्ही कथांत कृत्य मिटत नाही, उलट ते प्रथमच पूर्णपणे दिसते. मिटते ते नाव. वाल्याचा वाल्मीकी होतो. गुन्हा हे कर्म आहे आणि ते भोगून, सोडून, त्याच्यापासून दूर जाता येते, ही या कथाप्रकारामागची धारणा होय. 'राहिलेला असेल, म्हणून आहे' या कलम ३१० च्या वाक्याला येथे जागा नाही.

अर्थात या परंपरेची भलामण करताना सावध राहिलेले बरे. वाटमाऱ्याचे संतत्व सांगणाऱ्या समाजानेच आपल्या गावकुसाबाहेर काही जातींना चोरीचा संशय जन्मतःच लावून ठेवला होता. इंग्रजी कायद्याला येथे कोरी पाटी मिळाली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ठग-कायद्यातील 'असणे' टोळीवरून जमातीवर नेले. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल सुरू झाला. ठगाच्या बाबतीत निदान सराईत संबंध दाखवावा लागत असे, येथे जन्म पुरला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. पण 'विमुक्त' हा शब्दही जुन्या कैदेची आठवण अंगावर वागवितो, आणि सरकारी व्यवहारात बराच काळ 'माजी गुन्हेगार जमाती' असे रूप वापरले गेले, ज्यात 'माजी' हे विशेषण फारच अशक्त ठरले.

मराठी साहित्याने या कायदेशीर नावांना खरे उत्तर दिले ते स्वातंत्र्यानंतर. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) मध्ये खजिन्यावरील हल्ला कायद्याच्या भाषेत दरोडा आहे आणि कादंबरीच्या भाषेत बंड. पोलिसांपुढील हजेरी हा तेथे केवळ जाच म्हणून येत नाही, तर नाव लावले जाण्याची रोजची क्रिया म्हणून येतो. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने तर जबानीच्या रूपालाच उलटे करतात. गायकवाडांचे शीर्षक पाहावे. 'उचल्या' हा कृत्यावरून पडलेला शब्द. तो जमातीचे नाव झाला, पोलिसांच्या दप्तरात गेला आणि मग लेखकाने तो आपल्या पुस्तकावर घातला. येथे निवेदक आपल्या लोकांच्या चोऱ्या लपवीत नाही, पण माफी मागत नाही आणि माफीचा साक्षीदारही होत नाही. टोळीची नावे सांगून सुटका मिळविण्याऐवजी तो भुकेचा, मारहाणीचा आणि शाळेचा वृत्तान्त देतो. या पुस्तकाकडे केवळ सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहणाऱ्या समीक्षेने त्याच्या या रूपगत धाडसाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

राहिला प्रश्न 'ठग' या संज्ञेचा. एकशे चौसष्ट वर्षे ती कायद्यात राहिली, पण मराठी बोलणाऱ्यांनी तिचा कायदेशीर अर्थ कधी स्वीकारला नाही. इंग्रजीत हा शब्द पुढे कोणत्याही दांडगटाला लागू झाला आणि त्यातील कपटाची छटा पार गेली. मराठीत 'ठग' लिहिले काय नि 'ठक' लिहिले काय, वर्तमानपत्रातील ठग हा आजही पैशाला गंडा घालणाराच असतो. ज्या कलमात हा शब्द प्रत्यक्ष लिहिलेला होता त्या ३१० चा क्रमांक कोणाच्या जिभेवर आला नाही. उलट ज्या कलमात ठक हा शब्द नव्हता, पण मराठी अर्थाने ठकविणे होते, त्या ४२० चा 'चारसोवीस' असा शब्द झाला, विशेषण झाला, चित्रपटाच्या नावात गेला. आता फसवणुकीचे कलम ३१८ झाले आहे, आणि 'चारसोवीस' हा शब्द आधारावाचून चालूच राहील, असे दिसते.

'भामटा' या शब्दाचे तसे झालेले नाही. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या चौदा नावांच्या यादीत तो अजून जातनाम म्हणून आहे, 'राजपूत भामटा' अशी वेगळी नोंदही तेथे आहे. त्या नावाचा दाखला काढायला विद्यार्थ्याला तहसील कचेरीत जावे लागते, आणि तेच नाव पोलिसांच्या बातमीत लुबाडणाऱ्यासाठी मथळ्यात छापलेले असते.